थोरलीची ओटी

५६ ए. पी. ओ.
१४ नोव्हेंबर १९७४

श्री. आकाराम बनसोडे, फिटर, लोको शेड यांस
स. न. वि. वि.

तुमची-माझी तोंडओळख नाही. पण सयाजीचं एकही पत्र तुमच्या नावाशिवाय आलं नाही. 'आमचा आकाराम म्हणतो' हे वाचून वाचून मला रागच यायचा, की सख्ख्या भावापेक्षा याला हा फिटर जवळचा झाला. मी त्याचा थोरला भाऊ, फौजेतला हवालदार हिंदुराव. तार इथं डोंगरात फार उशिरा पोचली. रजा मिळून उंब्रज गाठेपर्यंत सगळे विधी उरकलेले असते, म्हणून साहेबांनी रजाही दिली नाही. धाकट्या भावाला खांदा देता आला नाही, हे आता जन्मभर पुरेल.

तुमचं ते इंजिन मी फक्त फोटोत पाहिलंय. सयाजीनं लिहिलं होतं, 'दादा, एका डोंगरातली लाइन बंद पडली, तिथली तीन इंजिनं कारखान्यानं उसासाठी आणलीत. तिन्ही एका साच्यातली. दोन्ही टोकांना चाकांचा एकेक गाडा आणि मधे बॉयलर टांगलेला. मांडुळासारखं, तोंड कुठलं नि शेपूट कुठली कळत नाही. रूळ दोनच फुटी, पण वळणावर बया कमरेत वाकते. आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणतो. थोरली माझी.' वाचून मी हसलो होतो. त्याच थोरलीनं त्याला पोटाखाली घेतलं.

आता कारखान्याचं पत्र आईला आलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, हंगामाच्या पहिल्या उसाच्या गाडीला, सयाजी दारूच्या अमलाखाली गाडी भरधाव हाकत होता आणि ओढ्याच्या वळणावर इंजिन उलटलं. कॅबमध्ये बाटली सापडली म्हणे. आकाराम, आमचा सयाजी भावकीच्या लग्नात एखादा पिऊन आलेला दिसला तर पंगतीतून उठून जायचा. आई जाईबाई पाण्याला बाहेर पडायची थांबली आहे. त्याची बायको अंजना भेटेल त्याच्याशी भांडते आहे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला दिवस गेलेत, आणि पोटातल्या जिवाला बाप कोण म्हणून सांगायचा, तर दारुडा?

तुम्ही त्या इंजिनांचा बोल्ट न् बोल्ट ओळखता. एकच विचारतो. थोरली का उलटली?

आपला
हिंदुराव


लोको शेड, जि. सांगली
२८ नोव्हेंबर १९७४

हिंदुरावदादांस,
सविनय जयभीम.

तुमच्या पत्राची मला भीतीच होती. ते आलं तसं खिशात घालून फिरलो, मग वाचलं.

सयाजी प्यालेला नव्हता. हे मी कुठंही, कुणापुढंही सांगेन, सांगितलंही आहे. ती बाटली रॉकेलची होती, कंदिलासाठी. मी ती साहेबांच्या नाकाशी धरली. ते म्हणाले, "वास कसला का असंना, बाटली दारूचीच आहे ना?" चौकशीला आलेल्यांना काहीतरी लिहून लवकर घरी जायचं होतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्याच्याच नावावर लिहिलं.

मी त्या सकाळी शेडमध्ये नव्हतो. दसऱ्याला दरवर्षी आम्ही दीक्षाभूमीला नागपूरला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे परतून तिन्ही इंजिनं तपासून द्यायची, हा माझा आणि सयाजीचा ठरलेला रिवाज. या वेळी गाडी रखडली. इकडं चेअरमनसाहेबांना मुहूर्त गाठायचा होता, म्हणून थोरलीला लवकर बाहेर काढली. मी पोचलो तेव्हा ती शेतात आडवी होती आणि भोवती ऊस पसरला होता. लोक सयाजीला काढत होते. त्याचा चेहरा नीट होता, एवढं आईंना सांगा.

का उलटली, ते मला नक्की सांगता येत नाही. पावसानं रूळ खचला असेल. जुनी इंजिनं आहेत. दादा, जे झालं ते उकरून माणूस परत येत नाही. वहिनींची काळजी घ्या.

आपला
आकाराम


५६ ए. पी. ओ.
२० जानेवारी १९७५

आकाराम,

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

इथून खाली उतरलं की डोंगराची छोटी रेल्वे आहे. तिच्या शेडमध्ये एक म्हातारा नेपाळी फिटर भेटला. त्याला सयाजीनं पाठवलेला फोटो दाखवला. तो म्हणाला, आमच्याकडंही एके काळी असलं एक होतं. मी म्हटलं, हे कशानं उलटतं? त्यानं फोटोतल्या बॉयलरच्या बुडाशी बोट ठेवलं. म्हणाला, इथं मोठा खुंट असतो, त्यावर सगळा भार आणि त्यावरच पुढचा गाडा वळतो. खुंटाला तेल मिळालं नाही की गाडा वळत नाही, सरळ जाऊन रुळावर चढतो. रुळाला दोष देणारा फिटर एक तर अडाणी, नाहीतर लबाड.

तू अडाणी नाहीस.

आणि परवा मधलीच्या ड्रायव्हरचं, तात्याबाचं कार्ड आलं. तो लिहितो की चौकशीवाले येण्याआधी तू उलटलेल्या थोरलीत हात घालून काहीतरी काढलंस, पंच्यात बांधलंस आणि एकटाच कृष्णेकडं गेलास. काय होतं पंच्यात? तुझ्या हातून आत राहिलेला चिंध्यांचा बोळा? तुझं हत्यार? स्वतःची नोकरी राखायला माझ्या भावाला दारुडा ठरू दिलंस आणि वर मला शहाणपण शिकवतोस, उकरू नका!

खंडेनवमीला सगळी शेड आपापल्या हत्यारांची पूजा करते, आणि तू तेवढा तिकडं फिरकत नाहीस. देव सोडलात, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुझ्यासारख्याच्या हाती इंजिन दिलं तर दुसरं काय व्हायचं, असं आता आमच्या गावात बोलतात आणि मी त्यांचं तोंड धरणार नाही.

खरं लिही. नाहीतर मार्चमध्ये रजेवर आलो की पोलिसांना घेऊनच शेडवर येईन.

हिंदुराव


लोको शेड
५ फेब्रुवारी १९७५

हिंदुरावदादांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र लागलं. देवाधर्माचं लिहिलंत ते जास्त लागलं. पण तुमच्या जागी मी असतो तर मीही कुणाच्या तरी नरड्याला हात घातलाच असता. आता सांगतो. पत्र एकट्यानं वाचा.

आमच्या शेडमध्ये एक रीत पडली आहे. इंजिनांना बाईमाणसाची नावं, म्हणून खंडेनवमीला ड्रायव्हरच्या बायका येऊन आपापल्या इंजिनाची ओटी भरतात. खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड. ती इंजिनाच्या तोंडाशी, पुढच्या सपाट पाटीवर ठेवायची आणि तिथंच दसराभर राहू द्यायची. सवाष्णीनं भरलेली ओटी लगेच काढत नाहीत. मी नागपूरहून आलो की आधी ती उतरवायची, मग तपासणी. मी पूजा करत नाही, पण ती ओटी मी कधी जमिनीवर ठेवली नाही.

गेल्या खंडेनवमीला अंजनावहिनी आल्या होत्या, पाच महिन्यांच्या. तात्याबाच्या बायकोनं, रंगूबाईनं, नंतर मला सहज सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "बाईमाणसाची ओटी पाटीवर ठिवत्यात व्हय? हिची मांडी कुटं हाय?" सयाजीला बायकोचं फार कौतुक वाटलं. त्यानं हसत खुंटावरच्या तेलाच्या वाटीचं झाकण उचललं आणि म्हणाला, "समदा भार हितंच घेती ती. हीच मांडी. घाल." वहिनींनी ओटी तिथं भरली.

ती वाटी थाळीएवढी असते. तिच्यातलं तेल झिरपत खुंटाला मिळतं. खणानं तेलाचं भोक बुजलं. तांदूळ दळून खुंटाभोवती त्याची कणीक झाली. सुपारी फटीत जाऊन बसली. रिकाम्या वॅगनी घेऊन जाताना इंजिनानं ते सोसलं. भरलेला ऊस घेऊन उतारानं येताना ओढ्याच्या वळणावर पुढचा गाडा वळलाच नाही.

सयाजी ते काढायला विसरला, का आकाराम येऊन काढून गेला असेल असं त्याला वाटलं, का बायकोची ओटी स्वतःच्या हातानं उपसवेना, ते मला कधीच कळणार नाही. मी रोज यावर विचार करतो.

पंच्यात ती ओटी होती. तेलानं काळी झालेली. चौकशीवाल्यांना दिसली असती तर सयाजी सुटला असता आणि वहिनी जन्मठेपेला गेल्या असत्या, घरातल्या घरात. म्हणून काढली. ओटी उकिरड्यावर टाकत नाहीत, एवढं मलाही कळतं. नदीत सोडली.

आता एक उपाय आहे. 'फिटरनं वाटीचं झाकण उघडं ठेवलं, आत कचरा गेला' असं मी लिहून देतो. माझी नोकरी जाईल. मी एकटा जीव आहे, कुठंही पाना चालवीन. तुम्ही हो म्हणा, की साहेबांच्या टेबलावर कागद ठेवतो. सयाजीचं नाव धुऊन निघेल.

आकाराम


उंब्रज
१६ मार्च १९७५

आकारामभाऊ,

रजेवर आलो आहे. शेडवर आलो नाही, कारण तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही. मी जे लिहिलं, त्यातलं तुमच्या धर्माचं वाक्य मागं घेतो. माफी मागतो. तुम्ही माफ केलं नाहीत तरी चालेल.

अंजनाला मुलगा झाला. कानाच्या पाळ्या अगदी सयाजीच्या. ती त्याला घेऊन उंबऱ्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझा दादला प्यालेला नव्हता. दसऱ्याच्या राती मी सवता त्याला जेवाय वाढलंया." काल शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "आगं, मग इंजान काय आपुआप पडलं?" ती माझ्याकडं बघायला लागली. मला उत्तर माहीत होतं आणि मी चंची काढून तंबाखू मळत बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तुमचा कागद साहेबांपुढं ठेवू नका. एकाच्या गळ्यातला फास काढून निर्दोष माणसाच्या गळ्यात घालायचा आणि मग त्याच तोंडानं 'आमचा सयाजी' म्हणायचं, हे मला जमणार नाही. मी रात्रंदिवस विचार केला. सयाजी असता तर काय म्हणाला असता? 'मला दारुडा म्हणा, पण तिला कळू देऊ नका.' हेच म्हणाला असता. मग तसंच होऊ दे. आईला कारखान्याचंच खरं वाटतंय, ते मी खोडत नाही. आपल्याच हातानं सख्ख्या भावाला बदनाम ठेवतोय.

हे तुम्ही आणि मी सोडून कुणाला कळता कामा नये. अंजनाला तर कधीच नाही. शपथ घालतो.

हिंदुराव


उंब्रज
२२ सप्टेंबर १९७५

आकारामभाऊंना अंजनाचा नमस्कार.

मी चौथी शिकले आहे, चुकलं माकलं सांभाळून घ्या. बाळ बसायला लागला.

येत्या खंडेनवमीला मी शेडवर येणार आहे. मी आता विधवा, मला ओटी भरता येत नाही. पण सामान मी घरून आणीन आणि रंगूबाई मधलीची ओटी भरंल. मी तिला सांगून ठेवलं आहे की पाटीवर ठेवू नको, मांडीत घाल, मी घातली तशी. थोरलीनं माझी ओटी घेतली म्हणून तर बाळ धडधाकट झाला. दादला गेला तो माझ्या नशिबानं गेला, त्यात तिचा दोष नाही. तात्याबांना तरी काही होऊ नये. धाकटीची पण तशीच भरू.

लोक काही बोलतात. प्यालेला माणूस बायकोसाठी झाकण उचलून 'घाल' म्हणतो का? मला तर साहेबांना जाऊन हेच सांगावं वाटतं, की तो किती भक्तीनं वागला त्या दिवशी. भावजी जाऊ देत नाहीत. तुम्ही त्याचे जिवाचे, तुम्ही घेऊन जाल का मला साहेबांकडं?

अंजना


लोको शेड
३० सप्टेंबर १९७५

अंजनावहिनींस,
जयभीम.

जरूर या. बाळाला पाहायची इच्छा आहे. ओटी मात्र या वर्षी पुढच्या पाटीवरच ठेवू. झाकणं उघडायची नाहीत असा साहेबांचा हुकूम आहे. तेव्हाचे साहेब बदलून गेले, नवीन आहेत त्यांना जुनं काही माहीत नाही, म्हणून त्यांच्याकडं जाऊन उपयोग नाही. मी या वर्षी नागपूरला जाणार नाही, इथंच आहे.

आपला
आकाराम


उंब्रज
१९ ऑक्टोबर १९७५

आकारामभाऊंना,

हे पत्र वाचून चुलीत घाला.

त्या दिवशी रंगूबाईनं मांडीतच ओटी घालायचा हट्ट धरला. तात्याबा म्हणाले, "आवं, उघडतंय कुटं? थोरली पडल्या पडल्या आकारामनं दोनी इंजनांच्या झाकणास्नी बोल्ट मारल्यात. कुणाला हात लावू देत न्हाई." मी म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे ना? तात्याबा हसले. म्हणाले, "सायबाला झाकण कुटं असतंय त्ये तरी ठावं हाय का?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली बघत होता. माझ्याकडं बघितलं असतं तर मला कळलं नसतं.

मी बाळाला कडेवर घेऊन बोल्ट बघत राहिले. आणि मला माझे हात आठवले. भाऊ, मी नुसती मूठभर नव्हती घातली. पाच मुठी तांदूळ घातले, खण, हळकुंड, सुपारी. झाकण बसंना. तो म्हणाला, "आसू दे, थोडं काढ." मी म्हटलं, ओटीतलं काढत न्हाईत. आणि मीच अंगठ्यानं खाली दाबून दाबून बसवलं. बसलं तसा तो हसला. म्हणाला, "बायकूनं भरली, आता थोरली दोन जिवाची झाली." तेवढंच त्याचं हसणं माझ्याजवळ होतं, ते पण गेलं.

मग मला सगळं दिसलं. भावजी तंबाखू का मळत होते ते. तुम्ही नागपूरला का गेला नाही ते. सगळ्यांना माहीत आहे आणि मी उंबऱ्यात बसून भांडत होते.

तिथूनच साहेबांकडं जावं असं आलं मनात. माझा दादला शुद्धीत होता, मी मारला त्याला, असं सांगावं. पाय उचलला पण होता. पण बाळानं मान टाकली खांद्यावर. आत्याबाईंचा एक पोरगा माझ्या हातानं गेला हे कळलं तर त्या नातवाला माझ्या मांडीवर ठेवतील का? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता. म्हणून नाही गेले. मी त्याला दुसऱ्यांदा मारला, भाऊ. या वेळी कळून सवरून.

पोरगा मोठा झाला की विचारंल. मी सांगीन, तुझा बाप प्यायचा.

भावजींना यातलं काही लिहू नका. त्यांनी माझ्यासाठी एवढं ओझं घेतलंय, ते वाया गेलं असं त्यांना कळू नये. तुम्हाला बाळाची शपथ. उत्तर पण पाठवू नका.

अंजना


लोको शेड
२ नोव्हेंबर १९७५

हिंदुरावदादांस,
सविनय जयभीम.

खंडेनवमी नीट पार पडली. वहिनी बाळाला घेऊन आल्या होत्या. ओटी पुढच्या पाटीवर ठेवली. बाळानं माझं बोट धरलं ते सोडेना, तेलाचं बोट, तसंच तोंडात घातलं. तुम्ही लिहिलंत तशा कानाच्या पाळ्या सयाजीच्याच आहेत.

कारखाना पुढच्या हंगामापासून ट्रॅक्टर घेणार, असं बोलतात. थोरली अजून शेडमागं पडली आहे, तिच्यावर वेल चढलेत. मधली आणि धाकटी तिच्याबरोबरच भंगारात जातील. मला वाईट वाटत नाही.

तुम्ही शपथ घातली होती ती मी पाळली आहे. वहिनींना काही कळलेलं नाही. आपण निश्चिंत असावं.

आकाराम


५६ ए. पी. ओ.
२४ नोव्हेंबर १९७५

प्रिय आकारामभाऊ,

तुमचं पत्र आणि आईचं पत्र एकाच टपालात आलं. आईनं शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलंय, की अंजना आता एकदम शांत झाली. उंबऱ्यात बसत नाही, कुणाशी वाद घालत नाही. परवा कुणीतरी सयाजीच्या पिण्याचं काढलं, तर मान खाली घालून म्हणाली, "आसंल." आई म्हणते, पोर भानावर आली, दुःख उतरणीला लागलं.

मी पत्र वाचून बरॅकच्या बाहेर जाऊन बसलो. वर्ष झालं, मला पहिल्यांदा रडू आलं आणि बरं वाटलं. आकारामभाऊ, भाऊ गेला, त्याचं नाव गेलं, आता तुमची इंजिनंही जातील. पण त्या पोरीला आपण सुखरूप पलीकडं नेलं. एवढं एक तरी आपल्या हातून नीट झालं.

तुमचा
हिंदुराव